तंजावरच्या पुढे, किळवेणमणीला

वाचकहो, सुगी उरकली की आपल्यातले कितीतरी जण रामेश्वरला निघतात. वाटेत तंजावरला उतरायचे, बृहदीश्वराच्या देवळातला भोसले घराण्याचा १८०३ सालचा मराठी शिलालेख पाहायचा आणि माघारी फिरायचे, हा नेहमीचा रिवाज. तुम्ही गेलात तर एक दिवस जादा काढा आणि तिरुवारूरवरून नागपट्टिणमच्या वाटेला लागा.

दोन्ही अंगांना कावेरीचे कालवे आणि नजर पोचेल तिथवर भात. कोरडवाहूवाल्याचा जीव हरखून जावा असा मुलूख! या पट्ट्यात किळवेणमणी नावाचे लहानसे गाव आहे. तिथे एक स्मारक आहे, त्यावर ४४ नावे आहेत.

१९६८ साली इथे चिखलात राबणाऱ्या दलित मजुरांच्या नावावर वावभर जमीन नव्हती. लाल बावट्याखाली एक होऊन त्यांनी कापणीच्या मजुरीत अर्धे माप भात वाढवून मागितले. अर्धे माप! जमीनदारांचीही संघटना होती. त्यांनी बाहेरगावचे मजूर आणले आणि वैर पेटले. २५ डिसेंबरला झालेल्या मारामारीत मालकांच्या बाजूचा एक माणूस मेला, हेही सांगितले पाहिजे. त्या रात्री जमाव वस्तीवर चालून आला. गडीमाणसे पळाली. बाया, पोरे, म्हातारी एका झोपडीत लपली. झोपडीला बाहेरून कडी घालून आग लावली गेली. ४४ जीव गेले.

खालच्या कोर्टाने काही जमीनदारांना शिक्षा दिली. वरच्या कोर्टाने सोडले. मोठ्या जमिनीचे, मोटारी बाळगणारे लोक आग लावायला स्वतः पायी जातील हे पटत नाही, असे निकालात म्हटले होते. मोटारवाला पायी चालत नाही, झाला न्याय!

आपणही मजूर लावतो. खळ्यावर माप भरताना हात कसा आखडतो ते आपल्याला का ठाऊक नाही? म्हणून तर ही नावे वाचताना मान वर होत नाही.

१९६९ साली तमिळनाडूत शेतमजुरीचा कायदा झाला. पण जमिनीचे काय? आपल्या विनोबांच्या भूदानात फिरलेल्या कृष्णम्माल आणि जगन्नाथन हे जोडपे या घटनेनंतर या भागात येऊन राहिले. कृष्णम्माल स्वतः भूमिहीन दलित घरातल्या. १९८१ साली त्यांनी ‘लाफ्टी’ ही संस्था काढली. मालकांशी बोलणी करायची, बँकेचे कर्ज उभे करायचे, जमीन विकत घ्यायची आणि एकेक एकर भूमिहीन कुटुंबातल्या बाईच्या नावे करायची, असा त्यांचा धंदा. हजारो घरांना अशी जमीन मिळाली.

२५ डिसेंबरला गेलात तर स्मारकापाशी बावटे घेतलेली माणसे भेटतील. त्या दिवसांत सांबा हंगामाचे भात शेतात उभे असते. कापणीला पोंगल उजाडतो.