लेव्हलचा प्रश्न

मुलाखत सुरू करण्याआधी आवाजाची लेव्हल बघायची असते. त्यासाठी रेडिओवरची माणसं समोरच्याला एक साधा प्रश्न विचारतात: आज सकाळी काय खाल्लंत? उत्तराशी कुणाला देणंघेणं नसतं. माणूस आपल्या नेहमीच्या आवाजात बोलू लागला की रेकॉर्डरवरचा आकडा उणे 12 डेसिबलच्या आसपास खेळता ठेवायचा, शून्याला भिडू द्यायचा नाही. शून्याला भिडलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर धड सांधता येत नाही. पत्रकारितेच्या वर्गात हे शिकवताना आमच्या बाईंनी आणखी एक गोष्ट बजावली होती. रेकॉर्डर या प्रश्नाच्या आधीच सुरू करून ठेवायचा.

पहिल्या पॉडकास्टसाठी मी लालबागच्या चाळीतल्या एका आजींना निवडलं. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्या खानावळ चालवायच्या. लग्न होऊन साताऱ्याकडून मुंबईत आलेल्या, नवरा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. कोकणातून आणि घाटावरून आलेले एकटे पुरुष गाळ्यांमध्ये दाटीवाटीनं राहायचे, पाळीप्रमाणे आळीपाळीनं झोपायचे, आणि जेवायला अशा बायकांकडे महिन्याचे पैसे ठरवून यायचे. पहाटे पहिल्या पाळीचे डबे बाहेर पडतात न पडतात तोच रातपाळी सुटलेले दारात. हे सगळं 10 बाय 12च्या खोलीत.

खोलीतला पंखा बंद केला. फ्रिजही बंद केला, आणि निघताना तो पुन्हा सुरू करायचं विसरू नये म्हणून माझ्या घराची किल्ली त्यातच ठेवली; ही युक्तीही रेडिओवाल्यांचीच. खिडकी लावली तरी उड्डाणपुलावरच्या गाड्यांची घरघर येत राहिली. ती तशीच असू दिली. लालबागची मुलाखत लालबागसारखीच ऐकू यावी, असं मला मनापासून वाटतं.

मग तो प्रश्न विचारला.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "मी? मी काय खाल्लं ते कुनी कवा इचारलंच न्हाई, बाळा. कुनाला किती भाकऱ्या लागायच्या ते सांगू का?" आणि त्या सांगत सुटल्या. कुणाला ताटात ताक नसलं की जेवण जात नसे, कोण एकादशी धरायचा, कुणाला सुक्या बोंबलाचा वासही सोसायचा नाही आणि कुणाचं त्याच्याशिवाय चालायचं नाही. सालं आणि घटना ओळीनं मांडलेला माझा प्रश्नांचा कागद घडी घातलेलाच राहिला. लेव्हल मात्र सारखी सांभाळावी लागत होती. भाकरी, भाजी, फोडणी: त्यांच्या बोलण्यात भ आणि फ यांची रेलचेल, आणि या अक्षरांबरोबर तोंडातून सुटणारा हवेचा झोत थेट माइकवर आदळतो. म्हणून माइक वीतभर लांब आणि जरासा तिरका धरावा लागतो. नवरा कसा हाक मारायचा त्याची त्यांनी नक्कल केली, तेव्हा आकडा एकदम वर उसळला. साच्यांच्या खडखडाटात दिवस काढलेला माणूस घरातही ओरडूनच बोलायचा, असं त्या म्हणाल्या. साचेखात्याचा एवढा खरा पुरावा मला दुसरीकडे कुठे मिळाला असता?

गिरणगावाला आपला इतिहास असा तोंडी सांगायची सवय आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या, त्यांच्या घरच्यांच्या मुलाखती घेऊन तो 2004 साली पुस्तकात आणला. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते या बायकांच्या कष्टाची किंमत ओळखूनच. 18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, हे पुस्तकांत वाचायला मिळतं. आजींच्या बोलण्यात त्या संपाचं माप वेगळं होतं. उधारीची वही. पंगतीतली माणसं एकेक करून गावाकडे गेली आणि वहीतली नावं तशीच राहिली.

इथे मला सगळ्यात अवघड गेलं ते गप्प बसणं. आपल्याकडे ऐकणारा मुका नसतो. देवीच्या गोंधळात मुख्य गोंधळ्याच्या जोडीला साथीदार असतो. तो मध्येच प्रश्न टाकतो, होकार भरतो, आणि त्या होकारावर कथा पुढे सरकते. आजीसुद्धा वाक्य संपलं की माझ्या "हं"साठी थांबायच्या. रेकॉर्डिंगचा नियम सांगतो की बोलणाऱ्याच्या आवाजावर आपला आवाज चढू द्यायचा नाही. नुसती मान हलवून पाहिली, पण आजींची नजर अधू. त्यांना ती दिसेना आणि बोलणं आखडू लागलं. तेव्हा मी हुंकार द्यायला लागले. दोन माइक, दोन वेगळे ट्रॅक होते, त्यामुळे संकलनात माझा आवाज पुसता आला असता. बहुतेक ठिकाणी मी तो पुसला. उधारीच्या वहीपाशी मात्र ठेवला. तिथे त्या माझ्याशी बोलत होत्या, आणि ऐकणाऱ्याला ते कळायला हवं. स्वच्छ आवाजाचा आग्रह धरणाऱ्यांना हे पटणार नाही, तरीही मला हेच योग्य वाटतं.

भाग प्रसिद्ध करण्याआधी आजींना ऐकवला. नातवाचा फोन कानाशी धरून त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आणि एकच गोष्ट सांगितली: पैसे बुडवून गेलेल्या एका माणसाचं नाव काढ. त्याची नातवंडं याच गल्लीत राहतात. मी नाव काढलं. निघण्याआधी त्या खोलीतली नुसती शांतता अर्धं मिनिट रेकॉर्ड करून ठेवली होती. तिचाच तुकडा नावाच्या जागी जोडला, म्हणून सांधा कळत नाही.

"आन् मसाल्याचं अर्धंच ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. खानावळीचा मसाला त्या लालबागच्या बाजारात डंकावर कुटून आणायच्या, आणि मिरच्यांचं प्रमाण तिथे उभं राहूनच नीट सांगता येईल म्हणतात. डंकांच्या दणदणाटात आजींचा आवाज कसा टिपायचा याचा विचार चालू आहे. बहुधा कॉलरला लावायचा छोटा माइक लागेल आणि डंकाचा आवाज वेगळा घ्यावा लागेल. त्यांनी एप्रिल सांगितलाय, मिरची तेव्हा चांगली मिळते.