घासलेले नाव

जुन्या जर्मन खंजिरांचा अभ्यास आरंभला तेव्हा आमचे लक्ष मुठीवर आणि म्यानावरच असे. झोलिंगेनच्या कारखानदारांचे शिक्के ओळखण्यात संध्याकाळी सरत. एकदा एका संग्राहकाने एस.ए. या नाझी निमलष्करी दलाचा खंजीर आमच्या हाती दिला. पात्याच्या एका बाजूला ‘सारे जर्मनीसाठी’ हे घोषवाक्य स्वच्छ होते. दुसरी बाजू घासलेली.

दलप्रमुख एर्न्स्ट ऱ्योम याने फेब्रुवारी १९३४ मध्ये जुन्या सदस्यांना असे खंजीर दिले. त्यांवर त्याच्याच हस्ताक्षरात ‘मनःपूर्वक मैत्रीने’ हे शब्द आणि नाव कोरलेले होते. त्याच वर्षी ३० जूनला हिटलरने दलाच्या नेत्यांचे हत्याकांड आरंभले. १ जुलैला ऱ्योमलाही म्युनिकच्या तुरुंगात गोळी घातली गेली. मग तो मजकूर काढून टाकण्याचा हुकूम सुटला. काहींनी नाव तेवढे घासले, मैत्री राहू दिली!

मराठीचे अध्यापक म्हणून पोथ्यांतील हरताळाखालची अक्षरे शोधण्याची आम्हांला सवय. बाजारात मोल असते ते अखंड मजकुराला. म्हणून घासल्या पात्यांवर तो नव्याने उमटवणारेही निघाले. आम्हांला मात्र घासलेले पातेच अधिक बोलके वाटले. मारेकऱ्यांच्या दलातल्या कुणीतरी स्वतःच्या जिवाच्या भयाने मित्राचे नाव पुसले होते.

संग्राहक तो विकायला तयार होता, आम्हांला मोहही झाला. पण ते भय भिंतीवर टांगून मिरवायचे कसे? खंजीर परत केला. घासल्या जागेचा खोलगटपणा मात्र बोटांना अजून आठवतो.