स्पॅनिश बालगीते आणि विशेष गरजा असलेली मुले

अमेरिकेतील अनेक प्राथमिक शाळांमध्ये स्पॅनिश दुसरी भाषा म्हणून शिकवली जाते; परंतु स्वमग्नता, डाउन सिंड्रोम किंवा वाचाविलंब असलेल्या मुलांना या तासातून पुष्कळदा वगळले जाते, कारण जिथे एकच भाषा जड जाते तिथे दुसरीचा भार कशाला, ही समजूत शिक्षकांत आणि पालकांतही खोलवर रुजलेली आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांविषयीचा कॅनडातील अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ही मुले इंग्रजीत त्याच विकासपातळीवरील एकभाषिक मुलांच्या मागे नाहीत, असे त्यातून दिसले. तो अभ्यास दोन भाषांच्या वातावरणात वाढणाऱ्या मुलांचा होता, शाळेतील तासाचा नव्हे, हे खरे. तरीही सरसकट वगळण्याचा आधार त्याने नक्कीच काढून घेतला आहे.

या मुलांसाठी स्पॅनिशचे दार गाण्यातून सहज उघडते, याचे एक कारण त्या भाषेच्या घडणीत आहे. तिच्यात स्वर पाचच असून ते शब्दागणिक फारसे बदलत नाहीत, आणि त्यातील त-द मराठीसारखेच दंत्य असल्याने अमेरिकेतील मराठी घरांतल्या मुलांना तर उच्चार ओळखीचेच वाटतात. दुसरे कारण गाण्याच्या रचनेत आहे: ठेका प्रत्येक अक्षराला स्वतंत्र जागा देतो, आणि ध्रुवपद पुन्हा पुन्हा येत असल्याने पुढे काय येणार हे मुलाला आधीच ठाऊक असते. अनिश्चिततेने बिथरणाऱ्या मुलाला हा दिलासा फार मोठा असतो.

चिलीतील शिक्षक-कवी इस्माएल पार्रागेस यांच्या नावावर असलेले ‘लोस पोयितोस दिसेन’ हे १९०७ मधील गीत पाहावे. पिलांना भूक लागते, थंडी वाजते. कोंबडी त्यांना मका आणि गहू आणून देते व पंखांखाली घेते, एवढाच त्याचा आशय आहे. भुकेच्या शब्दावर पोटावरून हात फिरवायचा आणि थंडीच्या शब्दावर अंग आवळून घ्यायचे, अशा दोन खुणा ठरवल्या, की न बोलणारे मूलही गाण्यात सामील होते. शिवाय या दोन्ही गोष्टी त्याला रोज सांगाव्या लागतात, म्हणून प्राण्यांच्या नावांच्या लांबलचक यादीपेक्षा हे गाणे अधिक मोलाचे ठरते.

कोळ्याच्या जाळ्यावर झोके घेणाऱ्या हत्तींच्या दुसऱ्या एका स्पॅनिश गाण्यात प्रत्येक कडव्यागणिक एक हत्ती वाढतो, बाकीचे शब्द जवळपास तेच राहतात. शिक्षिकेने संख्येच्या शब्दाआधी थांबावे आणि पाच-दहा सेकंद खरोखर वाट पाहावी. एखादे मूल शब्द म्हणेल, एखादे हत्तीचे चित्र फळ्यावर लावेल, एखादे तो शब्द आधीच ध्वनिमुद्रित केलेले मोठे बटण दाबेल. बोलण्याला चित्रांची किंवा उपकरणांची जोड देणाऱ्या अशा साधनांना पूरक-पर्यायी संवादसाधने म्हणतात. स्पेनमधील आरागोन या स्वायत्त प्रदेशाच्या शासनाचा ‘आरासाक’ हा चित्रसंग्रह त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. या थांब्यात घाई करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण उत्तर तयार होत असतानाच शिक्षिका ते स्वतः देऊन टाकते.

पडद्यावरची वेगवान, भडक गाणी मात्र टाळलेली बरी; आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी शिक्षिकेचा संथ गळाच योग्य. गाण्यात शिकलेला शब्द गाण्यातच अडकून राहतो, हाही नेहमीचा अनुभव, म्हणून भुकेची तीच खूण डबा खाण्याच्या वेळी जाणीवपूर्वक वापरावी लागते. अमेरिकी कायद्यानुसार विशेष शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार होतो आणि त्याच्या बैठकीत पालकांना बसण्याचा हक्क असतो; तेथील मराठी पालकांनी त्या बैठकीत स्पॅनिशच्या तासाला सूट मागण्यापूर्वी, त्या तासात आपल्या मुलासाठी कोणते गाणे, कोणती खूण आणि कोणते चित्र ठेवता येईल, हे अवश्य विचारावे.