रिकामी चौकट

क्राकूफ शहराच्या जुन्या तटालगत चार्तोरिस्की या पोलिश सरदार घराण्याचे संग्रहालय आहे. अर्मिन नावाचे मुंगसासारखे पांढरे जनावर हातात घेतलेली लिओनार्दोची तरुणी पाहायला तिथे जगभरचे लोक येतात. मीही त्यासाठीच गेलो. पण मनात राहिली ती एक रिकामी चौकट.

१७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडची शेवटची वाटणी केली आणि देश नकाशावरून पुसला गेला. राज्य गेले, निदान त्याच्या खुणा तरी राखाव्यात, असे इझाबेला चार्तोरिस्का या मानी स्त्रीने ठरवले. पुवावीच्या आपल्या बागेत तिने एक देऊळवजा इमारत बांधली आणि १८०१ मध्ये राजांच्या वस्तू, तलवारी, निशाणे तिथे मांडली. लिओनार्दोचे चित्र तिच्या मुलाने, आदामने, इटलीहून आणलेले. १८३०च्या उठावात हाच आदाम राष्ट्रीय सरकारचा प्रमुख झाला. उठाव फसला, जहागीर जप्त झाली. घराणे पॅरिसला गेले. संग्रहही मागाहून गेला. पुढे नातवाने, व्वादिस्वावने, तो क्राकूफला आणला.

१९३९ साली जर्मन आले आणि लूट झाली. लिओनार्दोची तरुणी १९४६ मध्ये परतली. राफाएलने रंगवलेला तरुण मात्र आजतागायत परतलेला नाही. ती चौकट त्याची!

२०१६ साली पोलिश सरकारने हा संग्रह १० कोटी युरोंना घेतला. सरदारांचे धन रयतेचे झाले. चौकटीत दुसरे चित्र बसवणे काही अवघड नव्हते. पण गेलेल्याची जागा मोकळी ठेवणे, हेही एक जतनच नव्हे काय?