गाडी परतीलाच का बंद पडते?

आमची पिकअप २०१७ सालची. बाबा आठवड्यातून तीन वेळा बेळगावातून भाजी भरतात, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत साखळीला उतरतात आणि उजाडायच्या आत म्हापशाला माल पोचवतात. माझी आणि ताईची इंजिनिअरिंगची फी भाजीच्याच धंद्यातून गेली. आता मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तरी बाबांची फेरी चुकत नाही.

गेल्या दिवाळीनंतर गाडी घाटात बंद पडायला लागली. जाताना माल भरलेला असूनही काही नाही, आणि परतीला रिकामी गाडी चढावर आली की ओढ कमी व्हायची, मग इंजिन बंद. घाटात मोबाईलला रेंज नसते. आई घड्याळ बघत बसायची आणि शेवटी मला फोन करायची. बाबांचं वय त्रेसष्ट. मी सरळ सांगितलं, "बाबा, गाडी विकून टाका. पैसे मी पाठवतो."

बाबा म्हणाले, "गाडी विकून मी घरात बसून काय करू?"

संक्रांतीला चार दिवस सुट्टी काढून गेलो. तोवर मिस्त्रीने डिझेल फिल्टर बदलला होता, बॅटरीच्या वायरी घट्ट केल्या होत्या. मी सोबत ब्लूटूथचा छोटा स्कॅनर नेला होता. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो लावला की मोबाईलवर गाडीचे फॉल्ट कोड दिसतात. कोड आला पी ००८७, म्हणजे रेलमधला दाब कमी.

इथे थोडं सांगायला हवं. या गाड्यांत कॉमन रेल असते. टाकीतलं डिझेल फिल्टरमधून पंपाकडे येतं, पंप ते प्रचंड दाबाने एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये भरतो, आणि तिथून चारही इंजेक्टरना पुरवठा होतो. कारच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते. या रेलमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो. तो किती हवा हे गाडीतला कंप्युटर ठरवतो आणि किती आहे हे सेन्सर सांगतो. दाब फारच पडला तर इंजिन बंद होतं.

मी कोड वाचला आणि निकाल दिला: सेन्सर खराब. साडेतीन हजारांचा सेन्सर बसवला. तिसऱ्या दिवशी परतीला गाडी पुन्हा घाटात उभी. बाबा रात्री साडेअकराला घरी आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. सेन्सरबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

जेवताना एवढंच म्हणाले, "टाकी भरलेली असली की बरी चालते बघ ती."

हे वाक्य ते महिनाभर फोनवर सांगत होते. मी दरवेळी सोडून दिलं होतं. डिझेल आहे म्हणजे आहे. अर्धी टाकी काय आणि पूर्ण काय, इंजिनला काय फरक पडतो? पण त्या रात्री मी त्यांची खिशातली डायरी मागून घेतली. तारीख, किलोमीटर, किती लिटर भरलं, कुठे बंद पडली, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. ऑफिसात मी लॉग वाचून पगार घेतो. घरातला लॉग मी कधी उघडला नव्हता.

बाबा एकाआड एक फेरीला टाकी फुल करतात. दिवाळीपासून गाडी सात वेळा बंद पडली होती. सातही वेळा दुसऱ्या फेरीच्या परतीत. टाकी भरल्यानंतरच्या पहिल्या फेरीत एकदाही नाही.

"बंद पडल्यावर तुम्ही काय करता?"

"फिल्टरजवळचा हातपंप दाबतो. मऊ लागतो. वीसपंचवीस वेळा दाबला की कडक होतो, मग स्टार्ट होते."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलास कुठं? तू मोबाईलकडं बघत होतास."

हातपंप मऊ लागतो, म्हणजे नळीत हवा शिरते. टाकी ते पंप हा भाग ओढीचा असतो. तिथे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर टपकत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून खाली डाग पडत नाही आणि कुणाला दिसत नाही. टाकी भरलेली असली की पंपाला फार ओढावं लागत नाही. पातळी खाली गेली, त्यात चढावर डिझेल जास्त लागलं, की ओढ वाढते आणि त्या चिरेतून हवा शिरते. सेन्सर खरं सांगत होता. बाबाही.

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेतून पारदर्शक नळीचा तुकडा आणला आणि मिस्त्रीच्या मदतीने फिल्टर आणि पंपाच्या मध्ये बसवला. टाकी निम्म्याच्या खाली होतीच. रेस वाढवली आणि नळीतून बुडबुडे पळायला लागले. मग एकेक जोड तपासत मागे गेलो. टाकीजवळचा वीतभर रबरी पाईप क्लिपखाली तडकला होता. डिझेलला चालणारा नवा पाईप आणि दोन क्लिपा, १८० रुपये.

एक सूचना. जुन्या डिझेल गाड्यांत हवा काढायला इंजेक्टरचा नट ढिला करायची पद्धत होती. कॉमन रेलच्या गाडीत इंजिन चालू असताना असं कधीही करू नका. त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत घुसते. आम्ही हात लावला तो फक्त पंपाच्या अलीकडच्या, कमी दाबाच्या बाजूला.

सुट्टी दोन दिवस वाढवली आणि दुसऱ्या फेरीला बाबांसोबत गेलो. परतीला साखळी सोडली तेव्हा काटा निम्म्याच्या खाली होता. मी मोबाईलवर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब बघत होतो. बाबा म्हणाले, "काय करूलास? बाहेर बघ जरा." मी मोबाईल खिशात ठेवला. घाट चढून गाडी चोर्ल्याला आली, बाबांनी टपरीवर थांबवली आणि दोन चहा सांगितले.

घरी आल्यावर डायरी बघितली. त्या दिवसाच्या ओळीत लिहिलं होतं: "पाईप बदलला, रु. १८०. बंद नाही." आणि खाली बारीक अक्षरात: "सेन्सर रु. ३५००, वाया."

गाडी विकायचा विषय मी पुन्हा काढलेला नाही.