एका पत्राचा गृहपाठ

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कुलात मी जगाचा इतिहास शिकवते. मुलं पंधरा-सोळा वर्षांची. अभ्यासक्रम कॉलेजच्या पातळीचा, नाव ‘एपी वर्ल्ड हिस्टरी : मॉडर्न’. इसवी सन १२०० पासून आजपर्यंतचं सगळं जग, त्याचे नऊ घटक आणि मे महिन्यात सव्वातीन तासांची एक परीक्षा. पन्नास-पंचावन्न मराठी घरांच्या ओळखीपाळखीत माझा हा व्यवसाय सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला तिळगुळाबरोबर एक प्रश्न हमखास येतो. ‘‘मॅडम, आठशे वर्षांचं जग हे पोर पाठ कसं करणार?’’

प्रश्न काळजीचा असतो आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्वतःची दहावी असते. ‘कारणे द्या’, ‘टिपा लिहा’, ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा’. गाइडमधली उत्तरं, त्यांत अधोरेखित केलेले पाच मुद्दे. मीही मुंबईत तशीच शिकले आणि त्या मुद्देसूदपणाचं ऋण मानते. पण ही परीक्षा दुसऱ्या जातीची आहे. पंचावन्न मिनिटांत पंचावन्न बहुपर्यायी प्रश्न, तेही सुटे नाहीत. आधी एखादा उतारा, नकाशा किंवा व्यंगचित्र द्यायचं आणि त्यावर तीन-चार प्रश्न विचारायचे. मग चाळीस मिनिटांत तीन लघुत्तरी. शेवटी दोन निबंध. त्यांतला एक सात कागदपत्रांवर उभा करायचा. त्यासाठी तासभर मिळतो आणि पहिली पंधरा मिनिटं नुसती वाचायला ठेवावीत अशी सूचना असते. समोर आलेला कागद मुलीनं पूर्वी कधीच पाहिलेला नसतो. पाठ केलेलं उत्तर तिथे चिकटवायला जागाच नसते.

म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. रात्री एकच कागद, त्यावर एकच प्रश्न आणि उत्तर वर्गात, पुस्तक मिटून. माझ्या गृहपाठाचा सगळा कारभार एवढ्यावर चालतो. ‘प्रकरण वाचा आणि टिपणं काढा’ असा गृहपाठ मी देत नाही. टिपणं काढणारा हात आणि विचार करणारं डोकं एकमेकांपासून फार लांब राहू शकतात. पानभर सुबक टिपणं, तीन रंगांत, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर डोळ्यांत कोरा भाव. हे मी इतक्या मुलांत पाहिलं आहे की त्या वह्यांचं सौंदर्य मला आता भुरळ घालत नाही.

एक कागद जवळून दाखवते. ऑक्टोबर-नोव्हेंबर उलटला की आम्ही साम्राज्यवादाकडे वळतो आणि मी लिन झशूचं पत्र देते. १८३९ साली चीनच्या सम्राटानं अफूचा व्यापार मोडून काढायला या अधिकाऱ्याला ग्वांगझूला पाठवलं. त्यानं इंग्रज व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून जास्त पेट्या अफू जप्त केली आणि हूमनच्या किनाऱ्यावर चर खणून, मीठ आणि चुना घालून, ती समुद्रात सोडली. त्याच साली त्यानं राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं. ते राणीच्या हाती पडलं नाही असंच मानलं जातं. पत्र लांब आहे. मी त्यातला पानभर भाग घेते, डावीकडे रुंद समास सोडते आणि खाली एवढंच विचारते : लिहिणाऱ्याला कोणती गोष्ट ठाऊक नाही आणि त्यामुळे त्याच्या युक्तिवादाचं काय होतं?

हा प्रश्न मुलांना आधी बुचकळ्यात टाकतो. कागद काय सांगतो हे शोधायची त्यांना सवय असते, कागदाला काय माहीत नाही हे शोधायची नसते. पत्रात लिन म्हणतो की तुमच्या देशात अफूला सक्त बंदी आहे असं आम्ही ऐकतो, मग जे स्वतःला अपायकारक ते दुसऱ्याच्या माथी का मारता? नैतिक प्रश्न धारदार आहे. पण त्या काळी इंग्लंडात अफू दुकानांतून सर्रास मिळत होती. लॉडनम नावाच्या अफूच्या अर्काचे थेंब खोकल्यापासून निद्रानाशापर्यंत सगळ्यावर चालत आणि विक्रीवर खरे निर्बंध आले ते १८६८ च्या फार्मसी कायद्यानं. लिनला असंही वाटत होतं की चिनी चहा आणि रेवंदचिनी यांच्याविना परदेशी माणसाचं एक दिवसही निभत नाही. रेवंदचिनीपाशी वर्ग हसतो. मी हसू देते. मग विचारते की समजूत चुकीची निघाली म्हणून प्रश्न चुकीचा ठरतो का? इथे वर्गाचे दोन तट पडतात आणि तास संपला तरी वाद दारातून बाहेर जातो. असा एक वाद कानांवर पडला की माझा त्या आठवड्याचा शीण उतरतो.

परीक्षेच्या तयारीचा धागाही याच कागदातून निघतो. कागदपत्रांवरच्या निबंधाला सात गुण असतात : एक मुख्य विधानाला, एक पार्श्वभूमीला, दोन कागदपत्रं वापरण्याला, एक कागदपत्रांबाहेरच्या पुराव्याला, एक कागद लिहिणाऱ्याचा दृष्टिकोन, हेतू किंवा वाचक ओळखण्याला आणि एक विचाराच्या खोलीला. सहाव्या गुणापाशी बहुतेक मुलं अडखळतात. ‘लिन चिनी होता म्हणून तो पक्षपाती आहे’ असं लिहून पुढे जातात. या वाक्याला शून्य गुण मिळतात आणि ते योग्यच आहे. त्यातून काहीच उलगडत नाही. जगातला प्रत्येक माणूस कुठला ना कुठला असतोच. त्याच मुलाकडून मी वाक्य पुन्हा लिहून घेते. लिन कोण? सम्राटानं खास नेमलेला अधिकारी. लिहितोय कुणाला? जिच्यावर त्याचा हुकूम चालत नाही अशा राणीला. मग त्याच्या हातात काय उरतं? दोन-तीन खेपांनंतर कागदावर येतं : ‘परक्या राज्यकर्तीला लिनला आज्ञा करता येत नव्हती, म्हणून पत्रात तो कायद्याचा धाक कमी आणि न्याय-अन्यायाची भाषा जास्त वापरतो.’ हे वाक्य स्वतःच्या हातांनी एकदा लिहिलेल्या मुलाला पुढे कुठलाही अनोळखी कागद द्या, तो आधी पत्ता बघतो. सराव करायचा तो या एका वाक्याचा. दर आठवड्याला पूर्ण निबंध लिहायला लावणारे शिक्षक कष्टाळू असतात, पण त्यांच्या विद्यार्थ्यांना तीच चूक सलग चाळीस मिनिटं करण्याचा सराव होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरच्या पुराव्याचा गुण मला फार प्रिय आहे, कारण तिथे मुंबई येते. चीनला जाणारी अफू दोन वाटांनी जाई. बंगालची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीची, पाटणा आणि गाझीपूरच्या कोठ्यांतून कलकत्त्याला. दुसरी माळव्याची, म्हणजे मुख्यतः होळकर-शिंद्यांच्या मुलखातली. ती कंपनीच्या मुठीत येईना, दमणमार्गे निसटू लागली, तेव्हा कंपनीनं मुंबईतून जाणाऱ्या मालावर परवान्याचं शुल्क बसवलं. या व्यापारात मुंबईच्या कितीतरी पेढ्या उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभॉय हे जार्डिन मॅथेसन कंपनीचे मोठे सहयोगी व्यापारी. चीनच्या व्यापारात मिळवलेल्या पैशांतून त्यांनी केलेल्या दानधर्मावर जे. जे. रुग्णालय उभं आहे, जे. जे. कला विद्यालय उभं आहे. आणि अफूवरून पेटलेलं इंग्रज-चीन युद्ध संपवणाऱ्या नानकिंगच्या तहावर १८४२ मध्ये ज्या जहाजावर सह्या झाल्या, हाँगकाँग इंग्रजांना गेलं आणि पाच बंदरं उघडली, ते ‘कॉर्नवॉलिस’ जहाज मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागवानात बांधलेलं होतं.

माझ्या वर्गातल्या मराठी आणि गुजराती मुलांना हे ऐकून धक्का बसतो. कुणाची आजी जे. जे. मध्ये नर्स होती, कुणाचे काका तिथे डॉक्टर झाले. चिनी मुलं त्यांच्याकडे वळून बघतात. त्या क्षणी वर्गात जे घडतं ते नाजूक असतं, पण मी ते टाळत नाही. एकाच बंदरात रुग्णालयाचा दगड आणि अफूची पेटी शेजारी शेजारी होती हे मुलांना कळायला हवं. फक्त एक शिस्त मी सोडू देत नाही. माहिती कितीही चमकदार असली तरी ती विधानाला जोडली नाही तर तिला गुण नाही. ‘कॉर्नवॉलिस मुंबईत बांधलं होतं’ एवढ्यानं भागत नाही. ‘चीनविरुद्धच्या युद्धाची साधनं आणि त्यामागचा माल दोन्ही भारतातून येत होते, यावरून ब्रिटनची आशियातली ताकद वसाहतीवर किती अवलंबून होती हे दिसतं’ असं लिहिलं तर तो पुरावा होतो.

आता सनावळीबद्दल. ‘इतिहास म्हणजे सनावळ्या नव्हेत’ हे वाक्य आमच्या व्यवसायात फार टाळ्या घेतं आणि त्यानं मुलांचं फार नुकसान केलं आहे. सन हे वळणदार घाटातल्या मैलाच्या दगडासारखे असतात; ते नसले तर आपण चढतोय की उतरतोय हेही कळत नाही. १७९३ मध्ये ब्रिटनचा दूत मॅकार्टनी याचं शिष्टमंडळ चिएनलुंग सम्राटाच्या दरबारातून रिकाम्या हातानं परतलं. १८३३ च्या सनदी कायद्यानं कंपनीची चीनच्या व्यापारातली मक्तेदारी संपली. १८३९, १८४२. या चार सनांची क्रमवारी पक्की असलेली मुलगी स्वतःच म्हणते की मक्तेदारी गेल्यावर खासगी व्यापारी घुसले असणार, म्हणून अफूची आवक वाढली असणार, म्हणून लिनला पाठवलं असणार. कारणमीमांसा तिला शिकवावी लागली नाही, क्रमानं ती तिच्या हातात ठेवली. म्हणून प्रत्येक घटकाला मी मोजकेच सन देते, पण ते झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत.

ते येतात कसे? वाचून वाचून नव्हे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी पालकांना आवर्जून सांगते. एकच उतारा काही विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक वाचताना ‘येतंय मला’ असं जे वाटतं ते त्या पाच मिनिटांचं असतं. माझ्या वर्गात दर शुक्रवारी कोरा कागद मिळतो. आठवड्यातलं, महिन्यापूर्वीचं आणि सप्टेंबरातलं असं मिसळून विचारते आणि त्याचे गुण कुठेच धरत नाही. गुण धरले की मुलं आठवत नाहीत, घाबरतात.

हल्ली संपूर्ण उत्तर यंत्राकडून क्षणात लिहून मिळतं, म्हणून लिहिण्याचं काम मी वर्गात आणलं आणि वाचनाचं घरी पाठवलं. घरून फक्त समासातल्या खुणा यायला हव्यात. कुठे थांबलीस, कुठे पटलं नाही, कुठे शब्द अडला. या खुणा मी वाचते. त्यांतून मला मुलाचं डोकं दिसतं, ते कुठल्याही निबंधातून दिसत नाही. २०२५ पासून परीक्षा पडद्यावर आली आहे, तेव्हा एप्रिलमधल्या सराव परीक्षा संगणकावर घ्याव्या लागतात. समासात लिहिण्याची सवय मात्र मी कागदावरच लावते.

अभ्यासक्रम १२०० पासून का सुरू होतो, हेही मुलांना सांगते. २०१८ मध्ये ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डानं तो १४५० पासून सुरू करायचं जाहीर केलं होतं. शिक्षकांनी कडाडून विरोध केला. १४५० पासून सुरुवात केली तर आशिया, आफ्रिका आणि अमेरिका खंडांतली माणसं युरोपची जहाजं दिसू लागल्यावरच गोष्टीत येतात. त्याच उन्हाळ्यात बोर्डानं सीमारेषा १२०० वर आणली. त्या अडीचशे वर्षांत मालीचा मन्सा मूसा आहे, मंगोल आहेत, भक्तिचळवळ आहे. शके १२१२ ची ज्ञानेश्वरी माझ्या पहिल्या घटकात बसते आणि मी ती बसवते.

मे महिना तोंडावर आला की नवं काही देत नाही. शेवटचा गृहपाठ उलटा असतो : वर्षभरातला कुठलाही एक कागद निवडा आणि त्यावर तुम्हीच प्रश्न काढा, उत्तर देऊ नका. वाईट प्रश्न काढणाऱ्याला कागद समजलेला नसतो, हे तपासताना लगेच कळतं. गेल्या वर्षी एका मुलीनं लिनचंच पत्र घेतलं आणि लिहिलं : हे पत्र मुंबईच्या एखाद्या अफू-व्यापाऱ्याच्या हाती पडलं असतं आणि त्यानं उत्तर पाठवलं असतं, तर लिनच्या कोणत्या मुद्द्याला त्यानं उत्तर देणं टाळलं असतं, आणि का?

यंदाच्या सराव परीक्षेत लघुत्तरी विभागातला पहिला प्रश्न हाच आहे.