शेजारची हालचाल

गादी घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या मुलाने आधी विचारले, ‘‘मॅडम, सिंगल की डबल?’’ पलंग सहा फुटी आहे, म्हणून डबल म्हटले. त्याने एका गादीच्या कडेला पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि दुसऱ्या कडेवर धपकन बसला. पेला हलला नाही. ‘‘बघा, शेजारी कोणी कितीही कूस बदलली तरी तुम्हाला कळणार नाही.’’

माझा नवरा जाऊन दोन वर्षे झाली. रात्री दोनला मला जाग येते, ती शेजारी काही हलत नाही म्हणूनच. बंगळुरूच्या त्या गारेगार दुकानात तेच न हलणे चाळीस हजारांना विकायला होते.

मी गिरगावच्या चाळीत वाढले. खोल्या दोन, माणसे सात. रात्री अंथरुणे पडायची, सकाळी त्यांच्या वळकट्या व्हायच्या. दिवाळीआधी पिंजारी येऊन गच्चीवर कापूस पिंजायचा आणि दबलेल्या गाद्या पुन्हा फुगायच्या. कोणाच्याच अंगाचा ठसा गादीत टिकत नसे, कारण गादी कोणा एकाची नसे. आईवडिलांनी एकमेकांच्या जवळ यायला जागा कुठून काढली असेल, हे कोडे मला स्वतःचे लग्न झाल्यावर पडले. म्हणून बाजाराला सरसकट नावे ठेवणे मला जमत नाही. आमचा पहिला डबलबेड बारा हप्त्यांवर आला होता. दार लावून घेता येईल अशी खोली आणि तिच्यात तो पलंग, हे सुख आम्हाला दुकानदार आणि बँक यांच्याच कृपेने मिळाले.

दुकानातून बाहेर पडले तर समोर गादीचेच होर्डिंग. पांढरीशुभ्र चादर, हसणारे जोडपे, खाली मासिक हप्त्याचा आकडा. तेव्हा एका पुस्तकात पाहिलेले दुसरे होर्डिंग आठवले. फेलिक्स गोन्झालेझ-तोरेस हा क्यूबात जन्मलेला अमेरिकी कलावंत. त्याचा जोडीदार रॉस लेकॉक 1991 साली एड्सने गेला. त्याच वर्षी फेलिक्सने एक छायाचित्र केले. रिकामा, विस्कटलेला पलंग, दोन उशा, आणि दोन्ही उशांवर डोक्यांचे खळगे. 1992 मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये 24 ठिकाणी जाहिरातीच्या फलकांवर लागले. त्यावर एक अक्षरही नव्हते. चहूबाजूंनी काहीतरी विकणाऱ्या त्या शहरात या फलकावर विकायला काहीच नव्हते.

पण ते निव्वळ शोकचित्र नव्हते. 1986 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना घटनेचे संरक्षण नाकारले होते. तो खटला एका माणसाला त्याच्याच शेजघरात झालेल्या अटकेतून उभा राहिला होता. हा निकाल 2003 मध्ये फिरला. आपल्याकडे 2018 उजाडावे लागले. कायदा शेजघरात शिरतोच आहे, तर घ्या, आमचा पलंग भर चौकात मांडतो, असा त्या फलकाचा एक अर्थ मला लागला. आम्हा नवराबायकोला हप्ते फेडले की खोली आपली झाली असे वाटले. तेवढ्याने ती ज्यांची होत नव्हती, अशी माणसेही होती.

त्याची आणखी एक कृती आहे, रॉसचे व्यक्तिचित्र. चेहरा नाही, रंग नाहीत. चकाकत्या कागदांतल्या गोळ्यांचा ढीग, आदर्श वजन 175 पौंड, म्हणजे सुमारे 79 किलो. येणाऱ्याने गोळी उचलावी, तोंडात टाकावी. ढीग घटत जातो. संग्रहालय तो पुन्हा भरू शकते. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा चमत्कारिकपणा वाटला होता. नवऱ्याच्या आजारात दर आठवड्याला वजनकाट्यावरचा आकडा वहीत लिहिल्यावर तसे वाटेनासे झाले. आमच्या वहीतला आकडा फक्त उतरत गेला.

जाहिरात आणि हा कलावंत, दोघेही इच्छेशीच बोलतात. गोळीही दुकानातलीच आणि फलकही भाड्याचाच. फरक एवढाच दिसतो की, जाहिरात दुसऱ्या माणसाचा त्रास काढून टाकते आणि सुख तेवढे ठेवते. घोरणे, लाथ, ओढलेले पांघरूण, सगळे वजा. जवळीक मात्र मला याच त्रासात सापडली होती. तो कूस बदलायचा तेव्हा मी त्याच्या बाजूला घरंगळायचे. चिडायचेही.

‘‘आत्ता नको,’’ असे सांगितले होते तेव्हा तो मुलगा सरळपणे म्हणाला होता, ‘‘मग जुनी गादी फिरवून टाका. डोक्याकडची बाजू पायाकडे. वर्षभर आणखी चालेल.’’

रविवारी घरकामाला येणाऱ्या ताईंना मदतीला घेतले आणि गादी फिरवली. फिरवल्यावर लक्षात आले की उजवी बाजूही डावीकडे आली आहे. आता त्याचा खळगा माझ्या बाजूला आहे. माझ्यापेक्षा रुंद, जरा खोल. पाठीचे दुखणे थांबलेले नाही. गादी कधीतरी बदलावीच लागेल. तूर्त त्याच खळग्यात झोपते.